भटजीकाकूच्या माश्या

आमच्या गावात फुलांची लग्नं लावणारी एक बाई होती. कोहळ्याचं नर फूल तोडून मादी फुलाला घासायचं, हे काम ती रोज उजाडताना करी, म्हणून आम्ही तिला भटजीकाकू म्हणायचो. सातेरी मधमाश्या गावातून नाहीशा झाल्यापासून तिच्या वेलांना आपसूक फळ धरत नव्हतं.

एकदा मी चेष्टेने म्हणालो, तुमचे हात असताना माश्या हव्यात कशाला? काकू चिडली. "मी मेल्यावर कोन लावन? माशी मेली म्हंजे संपली असं नाई रे. फूल उमलते अन् कोनीच येत नाई, त्याले संपनं म्हनते."

घराला सिमेंट केलं तेव्हा गवंड्याशी भांडून तिने माझ्या शेताकडच्या भिंतीत कोनाडा ठेवला, बाहेरून बोटभर भोक. मग पांढरकवड्याकडच्या भावाकडून मडक्यात सातेरीचं मोहोळ आणलं, एसटीतून, मांडीवर धरून. कंडक्टरला लोणचं आहे म्हणून सांगितलं. माश्या कोनाड्यात रुळल्या आणि त्या वर्षी पहिली कोहळी काकूचा हात न लागता धरली.

ती बोंडअळीची वर्षं होती. माझी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, भिंतीला लागूनच. काकूचं एकच मागणं होतं, "फवारा सांजच्याले मार, माश्या घरी आल्यावर." मी शब्द दिला. पण एका सकाळी आभाळ भरून आलं, संध्याकाळपर्यंत पाऊस गाठणार असं दिसत होतं, फवारणीवालाही संध्याकाळी येईना, आणि अळी बोंडं पोखरत होती. आभाळ उघडेल म्हणून आठपर्यंत कसाबसा थांबलो. नऊला पंप सुरू झाला. भिंतीकडे पाहायचंच नाही असं ठरवून मी बांधावर उभा राहिलो.

दुपारी गेलो तर काकू भोकाखाली बसून सुपात माश्या गोळा करत होती. काही अजून वळवळत होत्या. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुह्या पऱ्हाटीवरच गेलत्या," ती म्हणाली. "तिलेही फुलं व्हती ना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने मला बोलावून नर फूल हातात दिलं. "लाव आता." माझ्या जाड बोटांत पहिलं फूल फाटलं. तिने दुसरं दिलं.

काकू गेल्याला बरीच वर्षं झाली. तिच्या परसात वेल मी लावतो, लग्नंही मीच. परवा तिच्या मुलाने गिलाव्यासाठी गवंडी आणला. तो भोक बुजवायला लागला, तसा मी धावत जाऊन त्याचा हात धरला.

"यात आता कोन येनार हाय, भाऊ?" त्याने विचारलं.

मी त्याचा हात सोडला नाही.