अर्धा वाकलेला गुडघा

ज्या वर्षी आपल्या वऱ्हाडात सरकीलाही भाव आला, त्या वर्षीची धुळवड ही पहिली तारीख. त्याच पंधरवड्यातील रंगपंचमी ही दुसरी. पहिल्या दिवशी एक हमाल अकोल्याच्या कापूसबाजारात शेकडो लोकांसमोर मुठींच्या लढतीला उभा होता. रंगपंचमीला आम्ही त्याला मोर्णा नदीच्या काठी पोचवून आलो. जबाबदार तिघे. दोर बांधून लढतीचा चौकोन आखणारा कापूसकंपनीचा साहेब, हमालांचा मुकद्दम, आणि पंच म्हणून दोराच्या आत उभा राहिलेला आडत्या. अमेरिकेतली लढाई थांबली, कापसाचे भाव उतरले, तसा साहेब विलायतेला परतला. मुकद्दम पटकीत गेला. तिसरा अजून गादीवर बसतो, म्हणून हे लिहिणे आहे.

मेला तो माझा शेजारी. तुमच्यापैकी ज्यांनी त्याला बाजारात पाहिले असेल, त्यांना त्याची एक लकब आठवेल. कापसाची गासडी उचलण्यापूर्वी तो तिच्या अंगावर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारी आणि म्हणे, "चाल बाई, तुले गाडीत बसवून देतो." मग गंभीर चेहऱ्याने खांदा लावी.

जुन्या शहरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी, राहत असे. विधवा, गोधड्या शिवून पोट भरणारी. एका पावसाळ्यात मोर्णेला पूर आला आणि तिची शेळी पलीकडे अडकली. हा पाण्यात उतरला, शेळी खांद्यावर घेऊन आला. येईपर्यंत शेळीने त्याच्या फेट्याचा शेमला चावून खाल्ला होता. खाला फेटा धुऊन, शिवून देऊ लागली तर म्हणाला, "राहू द्या खाला. तिनं खांद्याची मजुरी कापून घेतली." मला तो आबा म्हणे. मी अर्ज लिहून देणारा माणूस, माझ्या ओट्यावर बसून तो माझी वाक्ये ऐकत असे आणि मध्येच विचारी, "आबा, एवढं लांब कावून लिहिता? साहेब दमत असंल ना वाचून."

आता त्या बाजारातला एक रिवाज सांगितला पाहिजे, कारण खटला त्यावरच उभा आहे. मोठी गासडी चौघे दांड्याला अडकवून नेत. त्यात आघाडीची जागा मानाची. ओझ्याखाली ज्याचा गुडघा जमिनीला लागला, त्याची त्या चौघांतली जागा त्याच दिवशी गेली. मुकद्दम त्याच्या हाती झाडू देई आणि तो बायकांच्या रांगेत सांडलेला कापूस गोळा करी. घसरला, ठेच लागली, ताप होता, कोणतीही सबब चालत नसे. याला आघाडीची जागा मिळाली ती अशाच एका म्हाताऱ्याचा गुडघा टेकला म्हणून. त्या म्हाताऱ्याकडे बघायचे तो टाळीत असे.

धुळवडीला बाजार बंद. साहेबाने करमणूक काढली: रेल्वेच्या कामावरचा एक गोरा मिस्त्री आणि हमालांपैकी एक, मुठींची लढत. मुकद्दमाने याला पुढे केले. साहेबाचा नियम असा की, घायाळ झालेल्याने एक गुडघा टेकावा. तो टेकलेला असेतोवर दुसऱ्याने हात लावायचा नाही. दम खावा आणि पुन्हा उठावे. नियम माणुसकीचा होता, हे मी मान्य करतो. आदल्या दिवशी मी तो त्याला दोनदा समजावला.

"समजलं आबा," तो म्हणाला. "पण थे गोऱ्याचं झालं. माहा गुडघा टेकला तं उद्या मले मुकद्दम झाडू देईल."

"ही लढत आहे, गासडी नव्हे."

"गुडघा तं थोच हाय ना."

धुळवडीला मी दोराला लागून उभा होतो. कानावर ठोसा बसला आणि त्याच्या नाकातून रक्त आले. त्याने जमिनीकडे पाहिले. उजवा गुडघा वाकू लागला. तेव्हा मुकद्दम मागून म्हणाला, "टेकतं का रे? झाडू आणून ठेवला हाय." हमाल हसले. गोऱ्याने मुठी खाली घेतल्या होत्या. गोरा पंचाकडे बघत होता. मी पंचाला ओरडून सांगितले की हा गुडघा टेकून बसू शकत नाही, लढत थांबवा. पंच शांतपणे म्हणाला, "नियम त्याच्या कानावर घातला आहे, आबासाहेब. त्याले नसंल बसाचं, तं मी काय करू?" गुडघा सरळ झाला. पंचाने हात वर करून खूण केली, चालू द्या. त्यानंतरचे ठोसे मी मोजले नाहीत.

तो चालत घरी आला. संध्याकाळी ओकाऱ्या लागल्या. खाला उशाशी बसून होती. "बसला असता तं काय बिघडलं असतं रे बेटा?" तिने विचारले. रात्री त्याची शुद्ध हरपली. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला तेव्हा एकच विचारले, "खाला, आघाडीले कोन हाय?" ती म्हणाली, "तुझीच जागा ठेवली हाय." हे खोटे होते. धुळवडीच्या दुसऱ्याच दिवशी तिथे दुसरा खांदा लागला होता.

पुढे चावडीवर पंचाने जबानी दिली की, मृताने नियमाचा लाभ घेतला नाही. सबब दोष त्याचा. जबानी मान्य झाली. जो हक्क वापरताच माणसाची भाकरी जाते, त्याला हक्क म्हणणारे शास्त्र मला ठाऊक नाही. पंच त्याच बाजारात वाढलेला. झाडू कोणाच्या हाती जातो, हे साहेबाला ठाऊक नसेल; आडत्याला होते.

म्हणून त्यांना माझा जाहीर सवाल आहे, आणि उत्तर मला खासगीत, चहापानाला बोलावून नको. येत्या बाजाराच्या दिवशी, हमाल काम थांबवून ऐकतील तेव्हा, त्यांनी सांगावे: तो गुडघा अर्ध्यावर आला आणि गोऱ्याने हात खाली घेतले, त्यानंतर तुमचा हात कोणासाठी वर गेला?