टोपीखालचं कपाळ

धाकटी बहीण पोलीस ट्रेनिंगमधून सुट्टीवर आलीय. कवायतीच्या उन्हानं चेहरा रापलाय, पण टोपीखालचं कपाळ तेवढं उजळ राहिलंय. मधे सरळ रेघ. भरतीसाठी आम्ही दोघी एकाच मैदानावर धावलो. ती लागली, मी राहिले; माझा रापलेला रंग केव्हाच उतरला.

"ताई, कवायतीचे उस्ताद तासन्‌तास सावधानमध्ये उभं करतात गं. पाय सुजतात."

लोकांना दुसऱ्याचं सुख सलतं. मला तिची सूजसुद्धा सलते.

आई तिच्या गालांना साय चोळत होती. "जाईल हो हा काळेपणा."

"राहू दे गं," ती हसली.

मी आतल्या खोलीत गेले आणि खुंटीवरची तिची टोपी घालून पाहिली. अगदी बरोबर बसली.