नवमीसाठी आवळलेला स्क्रू

माझ्या मुलीचा हात क्लिपच्या पेडलांमुळे मोडला, असं आमचे सगळे नातेवाईक समजत होते. तंजावरपासून बेंगळुरूपर्यंत ही हकीकत मीच पोचवली. ती खरी नाही.

आमचं कुंभकोणम् सपाट गाव. उंच म्हणावं असं काही असेल तर देवळांची गोपुरं. कालव्याच्या काठानं पट्टीश्वरमपर्यंत सायकल मारली तरी चढ लागतो तो एका पुलाचा. मुलगी त्याच रस्त्यावर माझ्या सायकलीवर शिकली, अनवाणी. पुढे नोकरीसाठी कोइमतूरला गेली, तिथेच लग्न झालं, आणि डोंगरातल्या पायवाटांवर सायकल चालवायचं वेड तिला तिकडे लागलं. जावई पुण्याचे. आमची घरातली मराठी ऐकून ते म्हणायचे, "बाबा, तुम्ही बोलता तेव्हा मला मोडीतलं पत्र वाचल्यासारखं वाटतं." मी म्हणायचो, "मग सावकाश वाचा." आमचं असं बरं चाललं होतं.

त्या नवरात्रात दोघं आली ती गाडीच्या मागे दोन सायकली बांधून. दसऱ्याला परत जाताना कोल्लीमलैच्या डोंगरात एक दिवस घालवायचा बेत होता. मुलीच्या सायकलीला नवी पेडलं होती. बुटाच्या तळव्याला धातूची चकती, ती पेडलाच्या जबड्यात खटकन बसते आणि पाय तिथेच राहतो. सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची.

"याला क्लिपलेस म्हणतात," जावई म्हणाले.

"नाव क्लिपलेस आणि पाय अडकवायचा?"

"नाव ठेवणाऱ्यांना विचारा बाबा. पण दगडांवरून जाताना सपाट पेडलावरून पाय उडतो. यावरून उडत नाही. चढावर पाय वर ओढूनही जोर लावता येतो."

"आणि पडायची वेळ आली तर?"

"तर टाच फिरवायची," मुलगी कॉफीचा पेला पुढे ठेवत म्हणाली. "अप्पा, तुम्हाला स्कूटर आली तेव्हाही भीती वाटली होती. मिक्सर आला तेव्हाही."

"मिक्सरला मी पाय बांधला नव्हता."

जावई हसले. मी हसलो नाही. मला ते पेडल आवडलं नव्हतं. माणसाचा पाय मोकळा हवा, हे माझं मत होतं आणि अजूनही आहे. सपाट पेडलावरच्या खिळ्यांनी नडगी सोलते, असं मुलगी म्हणाली. सोललेली नडगी आठवड्यात भरते, असं मी म्हणालो. वाद तिथे थांबला.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. पूर्वज तंजावरच्या मराठा राजांच्या दरबारात रथ, पालख्या आणि हत्यारं सांभाळायचे. नवमीला आयुधांची पूजा करायची, तर आयुध नीट हवं. म्हणून आदल्या दिवशी घरातली प्रत्येक वस्तू पुसायची, तेल द्यायचं आणि सैल दिसेल तो प्रत्येक स्क्रू आवळायचा. रथ गेले, स्क्रू आवळणं राहिलं. शिलाईचं मशीन, कात्र्या, विळी, पंख्याची जाळी. मी जन्मभर कॉलेजच्या प्रयोगशाळेतली उपकरणं सांभाळली, त्यामुळे हे काम दुसऱ्या कोणाला करू देत नसे. बायको होती तेव्हा ती म्हणायची, देवीपेक्षा तुम्ही स्क्रूचीच पूजा करता.

दोघं देवळात गेली असताना मी सायकली पुसायला घेतल्या. मुलीच्या पेडलांत स्प्रिंगजवळ बारीक स्क्रू होते, दोन्ही बाजूंना. हात लावला तर सैल. बाकीची सायकल इतकी नेटकी आणि हे स्क्रू असे कसे राहिले, म्हणून मी जावयांच्या पिशवीतली किल्ली काढली आणि ते फिरेनासे होईपर्यंत आवळले. दुसऱ्या दिवशी पूजेत सगळ्या वस्तूंना गंध-कुंकू लावलं. पेडलांना कुठे लावायचं? त्या स्क्रूंवरच टेकवलं. जागा बरोबर तेवढीच होती.

दसऱ्याच्या सकाळी दोघं गेली. दुपारनंतर जावयांचा फोन आला. कोल्लीमलैच्या पायवाटेवर एका दगडाच्या पायरीपाशी सायकल थबकली. वेग काहीच नव्हता. पाय टेकवला असता तर काही झालं नसतं. पाय सुटला नाही. ती सायकलीसकट बाजूला पडली, उजव्या हातावर. मनगट आणि कोपर.

मी बस बदलत नामक्कलच्या इस्पितळात पोचलो, तेव्हा तिला आत नेलं होतं. जावई बाकावर बसले होते, हातात तिचे बूट. "सकाळी म्हणाली होती, आज जरा घट्ट वाटतंय," ते म्हणाले. "मी म्हटलं, बुटाच्या चकत्या नव्या आहेत, बसतील दोन दिवसांत. मीच बसवल्या होत्या." मग स्वतःशीच बोलल्यासारखं: "स्प्रिंगचा स्क्रू बघायला हवा. तो आवळला गेला असेल तर पाय सुटत नाही. म्हणून तर मी अगदी सैल करून ठेवला होता."

तेव्हा मला कळलं. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"मी आधीच सांगितलं होतं. पाय बांधू नये."

त्यांनी मान खाली घातली.

शस्त्रक्रियेनंतर मुलीला विश्रांतीसाठी कुंभकोणमला आणलं. सायकलही परत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झोपली होती आणि जावई औषधं आणायला गेले होते. सायकल परसात टेकवलेली. पेडलांत कोल्लीमलैची लाल माती भरली होती, तरी एका स्क्रूवर माझं गंध अजून होतं, वाळून चिकटलेलं. मी किल्ली घेतली. सगळे स्क्रू पहिल्यासारखे सैल केले आणि ओल्या फडक्यानं गंध पुसून टाकलं. माती तशीच ठेवली. प्रयोगशाळेत मुलं उपकरण बिघडवून गुपचूप जागेवर ठेवत. ते मी धुळीवरून ओळखायचो. म्हणून माती ठेवली.

संध्याकाळी जावई तीच किल्ली घेऊन परसात बसले. खिडकीतून मुलीच्या खाटेपर्यंत आवाज जात होता.

"बाबा, हे तर सैलच आहेत. मग पाय सुटला कसा नाही?"

मी झाडाला पाणी घालत होतो.

आतून मुलगी म्हणाली, "मीच घाबरले असेन. टाच फिरवायचं राहून गेलं."

"नाही ग, चकत्यांचंच असणार. माझीच चूक."

दोघं एकमेकांची चूक स्वतःवर ओढून घेत होती आणि मी कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालत होतो. आळं भरून वाहिलं तरी घालत होतो. जावयांनी पेडलं काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि म्हणाले, "ही इथेच राहू दे बाबा. मला डोळ्यासमोर नकोत."

हात बरा झाला, पण मनगट पूर्ण फिरत नाही. सायकल कोइमतूरला भिंतीवर टांगली गेली. नातेवाइकांत कोणी विचारलं की मी पेडलांचं सांगायचो, आणि ऐकणारा जावयांकडे बघायचा. मग ती दोघं लग्नकार्यांना येईनाशी झाली. नवरात्रातही नाही. बायको गेल्यावर घर मोठं झालं होतं, ते आणखी मोठं झालं. नवमीला मी एकटाच पूजा करायचो. स्क्रू आवळायचं सोडून दिलं होतं. राहिला होता रविवारी सकाळचा फोन. जावईच करायचे, मग तिच्याकडे द्यायचे. जेवलात का, पाऊस आहे का, कामवाली येते का. आठवड्यात माझं मराठी बोलणं तेवढंच.

अलीकडच्या एका रविवारी जावई म्हणाले, "बाबा, ती परत सायकलवर बसायचं म्हणतेय. पण पेडलं कोणती घ्यायची ते ठरत नाही. स्वतःच्या पायावर विश्वास राहिला नाही म्हणते. आणि माझा माझ्यावर नाही. तुम्ही सांगाल ते घेतो. सपाटच घेऊ ना?"

सपाट, एवढंच म्हणायचं होतं. ते माझं खरं मतही होतं. फोन तसाच चालू राहिला असता, दर रविवारी.

मी म्हणालो, "मी सांगण्याआधी एक ऐका." आणि स्क्रू, गंध, किल्ली, फडकं, सगळं सांगितलं.

मग ते म्हणाले, "मी तो स्क्रू तुमच्यासमोर तपासला होता, बाबा."

"हो."

"तुम्ही झाडाला पाणी घालत होता."

"हो."

त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी मुलीशी बोलणं झालं नाही.

तिचा फोन दोन-तीन दिवसांनी आला. आवाज शांत होता. "अप्पा, स्क्रू आवळलात त्याचं मला काही नाही. पण मी घाबरले म्हणून पडले, असं मी इतकी वर्षं धरून चालले. गाडी चालवताना, जिना उतरताना. तुम्ही त्याच संध्याकाळी बोलला असता तर हात बरा झाल्याबरोबर मी परत बसले असते."

ती रडेल, ओरडेल, याची तयारी मी केली होती. याची केली नव्हती.

"ती पेडलं तुमच्याकडेच आहेत ना?" तिनं विचारलं.

"आहेत."

"पाठवून द्या."

"सपाट नको?"

"ते मी ठरवीन."

कपाटातून पुडकं काढलं. माती तशीच होती, सुकून दगड झालेली. पुसावी असं फार वाटलं. हात फडक्याकडे गेलाही. पण पुसली नाही. तशीच खोक्यात घालून कुरिअरच्या दुकानात नेली. तिथल्या माणसानं तमिळमध्ये विचारलं, आत काय आहे. सायकलची पेडलं, म्हटलं. "इतकी जड?" तो म्हणाला आणि तराजूवर ठेवली. मग मी नातेवाइकांना एकेक करून फोन केले. काहींनी विषय बदलला. एक चुलतबहीण म्हणाली, आता कशाला ते उकरून काढायचं. मी म्हटलं, उकरून नाही काढत, जावयांच्या अंगावरून काढतो आहे.

पुढचा रविवार तसाच गेला. त्याच्या पुढच्या रविवारी जावयांचा फोन आला. बोलणं थोडक्यात होतं.

"पेडलं मिळाली. तीच बसवली आहेत. स्क्रू तिनं स्वतः सैल केले, मला हात लावू दिला नाही."

"मनगट दुखत नाही ना?"

"दुखतं. पट्टी बांधते."

"ती आहे का जवळ?"

"नाही. सायकल घेऊन गेली आहे."

"बरं," मी म्हटलं. जेवलात का, असं त्यांनी विचारलं नाही. पुढच्या रविवारी फोन येईल का, हे मीही विचारलं नाही.