गुंगीचं औषध कुणी थांबवलं

आमच्या न्यूरो आयसीयूत सकाळची एक पद्धत होती. डोक्याला मार लागलेल्या पेशंटला गुंगीत ठेवलेलं असायचं. राउंडच्या आधी ते औषध थोडा वेळ थांबवायचं, हाक मारायची, बोट हलवतो का ते बघायचं आणि परत सुरू करायचं. मेंदूतला दाब चढा असेल तर मात्र आमच्या विभागप्रमुख सरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. सरांना विचारायचं सीनियरने, औषध थांबवायचं ज्युनियरने, आणि सगळं तोंडीच.

माझा सीनियर पुण्याकडचा, इंदूरला नवखा. आडनाव ऐकून पहिल्याच दिवशी माझ्याशी मराठीत बोलला आणि मी लगेच विरघळले. इथेच जन्मलेल्या आम्हा लोकांना तिकडच्या मराठीचं भारी कौतुक! मी त्याला दादा म्हणायला लागले. विजय नगरला खोली शोधून दिली, आईने तिथे पडदेसुद्धा शिवून लावले. माझ्या बोलण्यातलं हिंदी वेचून तो चिडवायचा, तेही मला गोड वाटायचं. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

मानपूरजवळ ट्रकने उडवलेला एक माणूस तेव्हा आमच्याकडे होता. दाब चढाच होता. दादा म्हणाला, "थांबव औषध, सरांशी माझं बोलणं झालंय." मी थांबवलं. पेशंट खोकला, अंग ताठ झालं आणि मॉनिटरवरचा दाब सरसर वर गेला. औषध परत चालू केलं, सगळे धावले, दाब उतरला. त्याचं नशीब बलवत्तर म्हणून तो वाचला.

राउंडला सरांनी मला विचारलं, "किसके कहने पर बंद किया?" मी दादाकडे पाहिलं. हा बाबा मॉनिटरकडे बघत म्हणाला, "सर, मुझसे तो पूछा ही नहीं इसने." मी तोंड उघडायच्या आत सरांनी माझी आयसीयूतली पोस्टिंग तिथल्या तिथे रद्द केली. ही पोस्टिंग गेली म्हणजे न्यूरो क्रिटिकल केअरमध्ये पुढे शिकणं गेलं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मेलं ते सगळं शिक्षण, असं झालं मला.

दुपारी जिन्यात त्याला गाठलं. म्हटलं, चल, सरांना खरं काय ते सांग. मला वाटलं होतं मान खाली घालेल. पण हा अगदी मायेने बोलायला लागला.

"हे बघ, माझं शेवटचं वर्ष आहे. सरांना विचारायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या कुणाला थांबवायला सांगितलं असतं तर त्याने माझं नाव घेतलं असतं. तू आपली, तू घेणार नाहीस. म्हणून तर तुला सांगितलं."

म्हणजे काही बिनसलं तर कुणाला पुढे करायचं, ते या माणसाने औषध थांबवायच्या आधीच ठरवलं होतं.