मेस्त्री काकांना ग्रुपमधून काढणाऱ्यांसाठी

हात जोडलेले इमोजी टाकणं बंद करा.

मेस्त्री काका काल सकाळी गेले. दहिसरला, घरीच, चहा पिता पिता. वय त्रेसष्ट.

आज ज्या ग्रुपवर तुम्ही "काका, मिस यू" लिहिताय ना, त्या ग्रुपमध्ये काका नव्हते. तुम्हीच काढलं होतं त्यांना.

इथे फेसबुकवरच्या बाकीच्या मित्रमैत्रिणींना काही कळणार नाही म्हणून सांगते. लग्नामुळे अर्धवट राहिलेलं ग्रॅज्युएशन मी ऑनलाइन पूर्ण करतेय. त्यात स्टॅटिस्टिक्सचा पेपर कम्पल्सरी. दोनदा आपटले. हा तिसरा आणि शेवटचा चान्स होता. गेला असता तर डिग्रीच गेली असती.

बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. चाळीसएक जण, सगळे नोकरी-संसारवाले. शिकायचं कोणालाच नव्हतं, उत्तरं हवी होती.

उत्तरं काढणारा माणूस एकच. मेस्त्री काका.

तीस वर्षं घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. रिटायर झाले आणि म्हणाले, आता शिकतो. आम्ही हसलो. पहिल्या क्विझनंतर हसणं थांबलं आणि "काका, प्लीज फोटो टाका ना" सुरू झालं.

माणूस गेला की लगेच गोड होतो, तसं मी करणार नाही. काका तिरसट होते. "सोपा प्रश्न विचारू का?" म्हटलं की म्हणायचे, "सोपो आसा तर तूच सोडव."

मग आला प्रोजेक्ट. स्वतः जाऊन तीस ठिकाणची माहिती गोळा करायची. काकांनी त्यांच्या चाळीतल्या तीस खोल्यांत विचारलं, नळाला पाणी किती मिनिटं येतं. कच्च्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "नमुना. असं करा."

आम्ही तसं केलं नाही. आम्ही तेच केलं.

सतराव्या खोलीत कोणी नव्हतं, म्हणून काकांनी तिथे लिहिलं होतं, "दार बंद, पुन्हा जाणे." ते पुन्हा गेलेही. पण फोटो आधीचा होता.

आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येकाच्या प्रोजेक्टमध्ये सतराव्या नंबरला आलं, "दार बंद, पुन्हा जाणे." विसाव्या मजल्यावर राहणाऱ्यांच्यासुद्धा! वाचायचेही कष्ट कोणी घेतले नाहीत.

मीही घेतले नाहीत. तो कागद मीही उतरवला होता.

स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमचा सगळ्यांना मेल आला. मूळ माहिती कोणाची?

ॲडमिनसाहेबांचा लगेच हुकूम. "कोणी रिप्लाय करू नका. नेटवरून घेतलं म्हणून सांगू. काका, तुम्ही पण गप्प बसा."

काकांनी मॅडमना लिहिलं, "आकडे माझे. फोटो मीच टाकला. त्यात माझी पण चूक."

सगळ्यांचे प्रोजेक्ट रद्द. परीक्षेआधी नवीन करा. काकांचाही रद्द. ते पुन्हा तीस खोल्या फिरले.

आणि तुम्ही काय केलंत? पोल टाकलात. "काकांना ग्रुपमध्ये ठेवायचं का?"

अर्ध्या तासात तीस जण म्हणाले, नको. त्या तिसांत मी होते. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मी घाबरट आहे, बस.

तीन आठवड्यांनी मीच काकांना फोन लावला. लाज सोडून. परीक्षा तोंडावर आली होती आणि मला साधा सरासरीचा अर्थ कळत नव्हता.

काका म्हणाले, "वही काढ."

रोज सकाळी सहाला व्हिडिओ कॉल. "मीटर वाचूक गेल्यार दार बंद असला की आम्ही बिलाक ॲव्हरेज लावू. म्हणजे काय, घरात खराच काय चलता ता आमका म्हायत नाय, म्हणान काढलेलो आकडो. त्याच्यावर जाव नको. आधी वर-खाली किती जाता ता बघ."

दोन वेळा नापास झाले तरी मला हे कोणी असं सांगितलं नव्हतं.

मी बोरिवलीच्या एका लॅबमध्ये रिसेप्शनला आहे. प्रोजेक्टसाठी पेशंट किती मिनिटं थांबतात ते लिहिलं. काकांनी कागद बघितला. "शेवटच्या चौघांक इचारलंस, की अंदाजान ठोकलंस?"

ठोकलेच होते.

"जा. परत इचार."

एकसष्ट मार्क मिळाले. रडत रडत फोन केला. म्हणाले, "पेपर सोपो होतो." आणि फोन ठेवला. स्वतःला किती मिळाले ते सांगितलंही नाही.

आज ॲडमिनसाहेबांनी लिहिलंय, "आपल्या ग्रुपचा आधारवड कोसळला." अहो, आधारवड? एका बोटाने काढून टाकलंत की त्यांना! आणि त्याखाली तुम्ही सगळे रडताय. काल अंत्ययात्रेला ग्रुपमधलं एकही तोंड दिसलं नाही मला.

मी गेले होते. काकांची मुलगी सुजाता भेटली.

"तुम्हीच ना त्या बोरिवलीच्या? बाबांनी मला तो पोल दाखवला होता. त्यात तुमचं नाव होतं."

काढलं तरी जुने मेसेज फोनमध्ये राहतात. नावांसकट. हे मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी समजत होते, काकांना माहीत नाही.

सुजाता म्हणाली, "तुमचा फोन वाजला तेव्हा मी त्यांना म्हटलं, अजिबात उचलू नका. तर म्हणाले, 'तिचो शेवटचो चान्स आसा गो.'"

मी तिथून निघाले.

दीड महिना रोज सकाळी बोलत होतो आम्ही. पोलमध्ये मीही 'नको' म्हटलं होतं, हे एकदा तोंड उघडून सांगायला कितीसा वेळ लागला असता? नाही सांगितलं. आता तुम्हाला शिव्या घालतेय, पण तिसांतली एक मी आहे, आणि माझ्याकडे तर सांगायची रोज संधी होती.

ग्रुप मी आत्ताच सोडलाय.

काका, माझं चुकलं.

सुखाने या आता.