क्वामेचा दसरा

दसऱ्याच्या दुपारी मी वाईहून साताऱ्याला पोचले आणि विट्याची एसटी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. संध्याकाळी तिथं भाचीकडे जेवायला जायचं होतं. चहाच्या गाड्यापाशी चरफडत उभी होते, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "ताई, चुकली न्हवं गाडी? आमी विट्याकडंच निघालोय. चला की."

वळून पाहिलं तर कडक इस्त्रीच्या सदऱ्यातला एक उंच आफ्रिकी गृहस्थ. मी इतकी चकित झाले की आभार मानायचंही राहून गेलं.

त्याचं नाव क्वामे, देश घाना. मी त्याच्या गाडीत बसले आणि रहिमतपूर येईपर्यंत ड्रायव्हरनं कौतुकानं सगळं सांगून टाकलं: साहेबांचा सोनं शुद्ध करायचा मोठा कारखाना आहे, मालट्रक आहेत, शीतगृह आहे.

"आणि मराठी कुठली?" मी विचारलं.

"आप्पांच्या भट्टीवरची," क्वामे हसला.

विट्याकडची माणसं गलाईसाठी (सोनं-चांदी गाळायचा धंदा) कुठंकुठं जातात. आप्पा थेट घानात गेले आणि तरण्या क्वामेला त्यांनी हाताखाली घेतलं. काम शिकल्यावर त्यानं न विचारता शेजारीच स्वतःची भट्टी टाकली. गिऱ्हाइकं तिकडं वळली. आप्पा गाशा गुंडाळून गावी परतले, ते आजतागायत त्याच्याशी बोललेले नाहीत.

"फोन घेत न्हाईत," क्वामे म्हणाला. "पण दसऱ्याला दारात आलेल्याचं सोनं कोण परतवत न्हाई. आज त्यांनी परतवलं, तर मला पुन्ना यायला तोंड न्हाई."

पुसेसावळीला थांबलो. मी भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीवर ताव मारला. त्यानं पाण्याचा घोटही घेतला नाही. पुढं ऊस संपून माळ लागला. मेंढरांच्या कळपानं रस्ता अडवला, तर हा मेंढक्यापेक्षा घाईनं खाली उतरून मेंढरं हाकू लागला. मला हसू आलं आणि त्याची कीवही आली.

विट्याच्या अलीकडे आप्पांच्या गावात शिलंगण (सीमेवर जाऊन सोनं लुटायचा रिवाज) उरकून माणसं परतत होती. आप्पा ओसरीवर बसले होते. क्वामे वाकला आणि त्यानं एक वाळकं पान पुढं केलं. आपट्यासारखंच, पण तळहाताएवढं, त्याच्या देशातलं. आप्पांनी हात पुढं केला नाही.

"तुज्याकडं खरं सोनं लय हाय. ह्यो पाला कशाला?"

"ते गिऱ्हाइकाचं हाय, आप्पा. हे माजं हाय."

आप्पांनी ते पान निरखून पाहिलं.

"भट्टी कोण बघतंय तिकडं?"

"बंद हाय. काल खंडेनवमी झाली न्हवं? सांडशी, मुशी, समदं तिथल्या पोरांनी पुजलंय. तुमी पुजायचा तसंच वर्साला पुजतो. नवमी-दसऱ्याच्या दोन दिवसांत राजा जरी आला, तरी भट्टी पेटत न्हाई."

"हळद कुठनं आणतोस?"

"सांगलीचीच मागवतो."

आप्पांनी पान घेतलं, कपाळाला लावलं आणि आत हाक मारली, "आगं, ताट वाढ. पोरगं उपाशी दिसतंय."

ड्रायव्हरनं दबकत विचारलं, "साहेब, कवा निघायचं?" उत्तर आप्पांनीच दिलं, "त्यो ऱ्हाणार हाय. तू या बाईस्नी सोडून ये." क्वामेनं निमूट मान डोलावली.

विट्याला भाचीकडे उशिरा पोचले, दुसऱ्या दिवशी घरी परतले. इतक्या मोठ्या कारखान्याचा मालक त्या ओसरीवर पुन्हा कुणाच्या तरी हाताखालचा झाला आणि किती सुखावला, हे मला पाहायला मिळालं. त्याचे आभार मी निघताना मानले, पण ते फार थोडे वाटले.