सिस्टरची बदली करू नका

नर्सिंगचा अर्ज भरायचा की नाही, हे ठरवायला माझ्याकडे तीनच दिवस उरले होते. रक्त पाहिलं की मला चक्कर यायची आणि हे घरी सांगायची सोय नव्हती. कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, जे ते काम करतात त्यांनाच जाऊन विचार. म्हणून वहीत आठ प्रश्न लिहून मी जीपनं जवळा बाजारला गेले आणि तिथून पलीकडच्या गावात, उपकेंद्राच्या सिस्टरला भेटायला.

लसीकरणाचा दिवस होता. सिस्टरनी हातानंच बस म्हणून खुणावलं. मी बाकावर वही उघडून बसले आणि तिथंच फसले. आमच्याकडे वही-पेन घेऊन बसलेलं माणूस म्हणजे वरून आलेला साहेब. बायांनी माझ्याभोवती कोंडाळं केलं. घरकुलाच्या यादीत नाव घाला म्हणाल्या. मी कॉलेजची पोरगी आहे हे सांगून तोंड दुखलं, पण ऐकतंय कोण? एका आजीनं तर मी सिस्टरची चौकशी करायला आले, असंच ठरवून टाकलं. म्हणाली, "लिवून घ्या बाई. आमच्या सिस्टरची बदली करू नका." मग प्रत्येकीनं साक्ष दिली. कुणाच्या बाळंतपणाला सिस्टर ओढ्यातून चालत आली होती, कुणाच्या तापलेल्या लेकरासाठी तिनं रस्त्यात उभं राहून जीप अडवली होती. मी मुकाट्यानं लिहीत गेले. माझे आठ प्रश्न पहिल्या पानावर तसेच राहिले.

दुपारी सिस्टरनी डब्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. मी एवढंच विचारलं, रक्ताची भीती वाटत नाही का?

"वाटायची की. ह्या गावातल्या पहिल्याच बाळंतपणात मी चक्कर येऊन पडले. त्या आजीच्या सुनेचंच व्हतं. आजीनं तोंडावर पाणी मारून उठवलं मला. आजवर गावात कुणाला बोलली न्हाई ती."

मी घरी आले आणि अर्ज भरला.

आता मी हिंगोलीत वॉर्डात काम करते. पहिल्या महिन्यात पडले, उठले. त्या दोघींचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. आजी भेटली की माझ्या हातात हळकुंडं कोंबते. सिस्टरची बदली मीच थांबवली, असं तिला अजून वाटतं. मी काही बोलत नाही. तिनं तरी कुठं कुणाला सांगितलं होतं?